सांध्यांची सोनोग्राफी : आतली सूज वेळेवर कशी कळते?



सोनोग्राफी म्हटले की आपल्या घरांमध्ये दोनच गोष्टी आठवतात : गरोदर स्त्रीची तपासणी, नाही तर पोटातला खडा. पण याच तंत्राने बोटाचा, मनगटाचा किंवा गुडघ्याचा सांधाही आतून पाहता येतो आणि संधिवाताची सूज लवकर ओळखता येते, हे अजून पुष्कळांना माहीत नसते. या अंकात आम्ही त्याविषयी लिहिण्याचे ठरविले, याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे वर्गात शिकविल्या जाणाऱ्या ध्वनीच्या पाठाचा इतका उपयोगी दाखला दुसरा सापडणे कठीण. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे. सुजेच्या संधिवातात वेळ फार मोलाचा असतो. सांध्याचे एकदा नुकसान झाले तर ते सहसा भरून निघत नाही, आणि हा आजार लहान मुलांनाही होतो.

नाव एक, आजार अनेक

घरी आपण 'संधिवात' म्हणतो, शेजारी हिंदीत 'गठिया' म्हणतात आणि आजी नुसतेच 'वात आहे' म्हणून मोकळी होते. या एका नावाखाली अनेक वेगवेगळे आजार येतात. समजण्यासाठी त्यांचे दोन मोठे गट करू.

पहिला गट झिजेचा. वय वाढते तशी हाडांच्या टोकांवरची कूर्चा झिजते. गुडघे दुखतात, जिना चढताना जास्त दुखतात आणि बसले की बरे वाटते. सकाळी सांधे आखडतात, पण बहुधा अर्ध्या तासाच्या आत मोकळे होतात.

दुसरा गट सुजेचा. शरीराची रोगप्रतिकारशक्ती जंतूंशी लढण्यासाठी असते. या आजारांत ती आपल्याच सांध्यांवर उलटते. रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, ज्याला मराठीत बहुधा आमवात म्हणतात, तो यातला प्रमुख. तो पुरुषांपेक्षा स्त्रियांना दोन ते तीन पट अधिक होतो. बोटांच्या मुळाचे सांधे आणि मनगटे दोन्ही हातांना सारखीच धरतात. सकाळी हात इतके आखडलेले असतात की कणीक मळणे किंवा वेणी घालणेही जमत नाही, आणि हे पुष्कळदा तासभर किंवा त्याहून जास्त चालते. विश्रांतीने त्रास वाढतो आणि हालचालीने थोडा कमी होतो. झिजेच्या संधिवातात नेमके याच्या उलट असते.

सांध्याच्या आत एक पातळ अस्तर असते. त्याला सायनोव्हियम म्हणतात. निरोगी माणसात ते अगदी नाजूक असते आणि सांध्याला वंगण पुरविते. सुजेच्या संधिवातात आधी हे अस्तर जाड होते. मग सांध्यात पाणी साठते आणि अस्तरात नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. हे जाड झालेले अस्तर पुढे हाडाच्या कडा पोखरू लागते आणि तिथे खड्डे पडतात.

हा क्रम विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात ठेवावा : आधी सूज, नंतर खड्डा. सुजेवर आज चांगली औषधे आहेत. खड्डा मात्र पडला की सहसा तसाच राहतो. म्हणून आजार सुजेच्या पायरीवर असतानाच कळणे, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

एक्स-रे कुठे कमी पडतो

हात दुखला की आपण एक्स-रे काढतो. एक्स-रेमध्ये हाड उत्तम दिसते, पण मऊ अस्तर आणि त्यातली सूज त्यात जवळजवळ दिसत नाही. म्हणून सुरुवातीच्या दिवसांत एक्स-रे बहुधा 'नॉर्मल' येतो. घरातले म्हणतात, 'काही नाही, थकवा आहे.' आणि मोलाचे महिने निघून जातात.

इंग्लंडमधील लीड्स येथील डॉक्टरांनी २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. रूमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या १०० रुग्णांच्या बोटांच्या मुळाचे सांधे त्यांनी एक्स-रे आणि सोनोग्राफी या दोन्ही रीतींनी पाहिले. एक्स-रेमध्ये १७ रुग्णांच्या हाडांत मिळून ३२ खड्डे दिसले. सोनोग्राफीत ५६ रुग्णांमध्ये १२७ खड्डे दिसले. आजार नवा असलेल्या रुग्णांमध्ये तर हा फरक आणखी मोठा होता. लक्षात घ्या, हे झालेल्या नुकसानीविषयी झाले. त्याच्याही आधीची जी नुसती सूज असते, ती पाहणे हे सोनोग्राफीचे मुख्य काम आहे.

आवाजाने पाहणे

माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ या वारंवारतेचा आवाज ऐकू येतो. त्याच्या वरच्या आवाजाला मराठी पुस्तकांत श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, तिथे आम्ही 'पराश्रव्य' हा शब्द शिकलो. स्पर्धा परीक्षांना बसणाऱ्या मुलांनी दोन्ही शब्द लक्षात ठेवावेत, अर्थ एकच आहे.

हा आवाज निर्माण करण्याची युक्ती १८८० साली सापडली. फ्रान्सचे पिएर आणि जाक क्यूरी या दोन भावांना असे आढळले की क्वार्ट्झसारख्या स्फटिकावर दाब दिला तर वीज निर्माण होते. वीज दिली तर स्फटिक आकुंचन-प्रसरण पावतो, हेही लवकरच सिद्ध झाले. सोनोग्राफीच्या हातात धरायच्या भागात, म्हणजे प्रोबमध्ये, असेच स्फटिकासारखे घटक असतात. ते वेगाने कंप पावून आवाज पाठवितात आणि परत आलेला प्रतिध्वनी टिपून त्याची पुन्हा वीज करतात. म्हणजे तोंड आणि कान दोन्ही एकच.

शरीराच्या मऊ भागातून ध्वनी सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो. प्रतिध्वनी किती वेळाने परत आला, यावरून तो किती खोलीवरून आला हे यंत्र मोजते. नववीच्या विद्यार्थ्यांनी हे गणित वहीत करून पाहावे. एखादा पृष्ठभाग त्वचेखाली १ सेंटिमीटरवर असेल तर ध्वनीला जाऊन-येऊन २ सेंटिमीटर अंतर कापावे लागते. त्याला सुमारे १३ मायक्रोसेकंद लागतात. एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. असे असंख्य प्रतिध्वनी जोडून पडद्यावर चित्र उभे राहते.

आता पोटाच्या आणि बोटाच्या तपासणीत फरक काय? पोटासाठी साधारण ३ ते ५ मेगाहर्ट्झचा ध्वनी वापरतात, कारण तो खोलवर पोचतो. बोटांच्या सांध्यांसाठी १५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा किंवा त्याहूनही वरचा प्रोब घेतात. वेगाला वारंवारतेने भागले की तरंगलांबी मिळते. १५ मेगाहर्ट्झला ती सुमारे ०.१ मिलिमीटर येते. तरंगलांबी जितकी कमी, तितका बारीक तपशील दिसतो. असा ध्वनी फार खोल जात नाही, पण बोटाचा सांधा त्वचेखाली लगेच असल्यामुळे तेवढे पुरते.

त्वचेवर जो थंडगार जेल लावतात, त्याचे कारणही याच पाठात आहे. प्रोब आणि त्वचा यांच्यामध्ये हवेचा पातळ थर राहिला तरी जवळजवळ सगळा ध्वनी तिथूनच परत फिरतो. जेलमुळे हवा निघून जाते.

पडद्यावर हाडाची कड पांढऱ्या ठळक रेषेसारखी दिसते. पाणी काळे दिसते आणि जाड झालेले अस्तर करड्या रंगाचे. पाणी कोणते आणि अस्तर कोणते याचा संशय आला तर डॉक्टर प्रोबने किंचित दाबतात. पाणी बाजूला सरकते, अस्तर जागचे हलत नाही.

रंगीत ठिपक्यांचा अर्थ

अस्तर जाड आहे एवढ्याने भागत नाही. ती सूज आज पेटलेली आहे की जुनी, शांत झालेली आहे, हे कळावे लागते. इथे डॉप्लरचा नियम कामी येतो. ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ क्रिस्टियान डॉप्लर यांनी तो १८४२ साली प्राग येथे मांडला. फलाटावर उभे असताना जवळ येणाऱ्या गाडीची शिटी चढ्या सुरात ऐकू येते आणि गाडी पुढे निघून गेली की सूर उतरतो, हा तोच नियम.

रक्तातल्या तांबड्या पेशी हलत असतात. त्यांच्यावरून परत आलेल्या ध्वनीची वारंवारता किंचित बदललेली असते. यंत्र हा बदल पकडते आणि तिथे पडद्यावर रंग भरते. सांध्यांसाठी बहुधा 'पॉवर डॉप्लर' ही रीत वापरतात. रक्त कोणत्या दिशेला चालले आहे हे ती सांगत नाही, पण बारीक वाहिन्यांमधला अगदी संथ प्रवाह ती चांगला टिपते. सुजलेल्या अस्तरात नव्या वाहिन्या फुटतात, हे आपण वर पाहिले. त्या वाहिन्यांमधला प्रवाह नारिंगी-लाल ठिपक्यांसारखा दिसतो. ठिपके नसतील तर ० आणि भरपूर असतील तर ३, असे ० ते ३ पर्यंत गुण देण्याची पद्धत आहे. अस्तराच्या जाडीलाही असेच गुण देतात.

यात तपासणाऱ्याच्या हाताला फार महत्त्व असते. प्रोब जरा जोरात दाबला तरी बारीक वाहिन्या मिटतात, ठिपके नाहीसे होतात आणि सूज असूनही 'नाही' असा निष्कर्ष निघू शकतो. म्हणून जेल भरपूर घेऊन हात हलका ठेवावा लागतो, आणि रुग्णानेही हात सैल सोडून बसावे लागते.

हे तंत्र इथवर कसे आले

पोटाच्या सोनोग्राफीचा पाया स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे डॉ. इयान डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ च्या शोधनिबंधाने घातला. सांध्यांकडे लक्ष जायला आणखी काही वर्षे लागली. १९७२ साली गुडघ्यामागची पाण्याची गाठ आणि पायाच्या शिरेतील सूज व गुठळी यांत भेद करण्यासाठी तिचा उपयोग झाला. १९७८ साली रूमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या रुग्णांच्या गुडघ्यातील जाड अस्तर पाहण्यात आले. १९९४ साली पॉवर डॉप्लरने सांध्यांभोवतीची सूज पाहण्याचे काम प्रसिद्ध झाले. २०१३ साली युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने या आजारात चित्रतपासण्या कशा वापराव्यात याच्या शिफारशी दिल्या. त्यांत सोनोग्राफी आणि एमआरआय यांना एक्स-रेच्या बरोबरीने जागा मिळाली.

फायदा किती आणि मर्यादा कोणत्या

या तपासणीत किरणोत्सर्ग नाही. ती दुखत नाही. दोन्ही हात एकाच बैठकीत पाहता येतात आणि सांधा हलविताना आत काय होते तेही दिसते. सांध्यात सुई घालायची असेल तर ती नेमकी कुठे गेली हे पडद्यावर कळते. बोटांनी चाचपून न कळणारी सूजही हिच्यात दिसू शकते. लीड्सच्याच डॉक्टरांनी २००६ आणि २००८ साली दाखविले की आजार शांत झाला असे वाटणाऱ्या अनेक रुग्णांच्या सांध्यांत सूज शिल्लक असते, आणि ज्या सांध्यांत डॉप्लरचे ठिपके दिसतात तिथे पुढे हाडाचे नुकसान होण्याचा संभव जास्त असतो. याच्या उलट, सांधे दुखत आहेत पण आत सूज नाही, असे दिसले तर जोरदार औषधांची गरज आहे का, याचा डॉक्टरांना फेरविचार करता येतो. हाही फायदा लहान नाही.

परंतु नवे यंत्र म्हणजे रामबाण, असे कुणी समजू नये. सोनोग्राफीला हाडाच्या आतले दिसत नाही, त्यासाठी एमआरआय लागतो. निरोगी माणसाच्या सांध्यातही कधीकधी थोडे पाणी किंवा एखादा ठिपका दिसतो. तसेच, नॉर्वे आणि स्कॉटलंड येथे झालेल्या दोन अभ्यासांचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. नव्या आजाराच्या रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाची औषधे डॉक्टरांच्या नेहमीच्या तपासणीवरून ठरविली, दुसऱ्या गटात त्याला सोनोग्राफीची जोड दिली. आजार काबूत येण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत फारसा फरक पडला नाही. याचा अर्थ असा की निदानाच्या वेळी शंका असेल तेव्हा सोनोग्राफी फार उपयोगी आहे, पण प्रत्येक भेटीत ती झालीच पाहिजे असा हट्ट पालकांनी धरू नये. अनुभवी डॉक्टरांची बोटे, रक्ताच्या तपासण्या आणि सोनोग्राफी या तिन्हींचा मेळ घालूनच निर्णय होतो.

एक सूचना. गर्भलिंग निदान रोखण्यासाठी १९९४ साली कायदा झाला आणि २००३ साली तो अधिक कडक करण्यात आला. त्यामुळे सोनोग्राफी केंद्राची आणि यंत्राची नोंदणी बंधनकारक आहे, मग तपासणी गुडघ्याची का असेना. म्हणून नोंदणी केलेल्या केंद्रातच जावे.

आपल्या मुलांविषयी

संधिवात म्हणजे म्हातारपणाचा आजार, हा समज शाळेच्या दृष्टीने सर्वांत घातक आहे. वयाच्या १६ वर्षांआधी सुरू झालेली, ६ आठवडे किंवा जास्त टिकलेली आणि दुसरे कारण न सापडलेली सांध्याची सूज हिला जुवेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस म्हणतात.

लहान मूल पुष्कळदा 'दुखते' असे म्हणतच नाही. ते सकाळी लंगडत चालते आणि मधल्या सुट्टीपर्यंत ठीक होऊन धावू लागते. प्रार्थनेला आणि पी.टी.ला मागे राहणारे मूल दुपारी पळताना दिसले की मोठ्यांना वाटते, सोंग करते आहे. पण सकाळी आखडणे आणि हालचालीने मोकळे होणे, हेच तर सुजेच्या संधिवाताचे लक्षण आहे. अशा मुलाला आळशी ठरविले तर दोन अन्याय होतात : मनाला लागते ते वेगळे, आणि सांध्याचे नुकसान वेगळे.

मुलांसाठी सोनोग्राफी विशेष सोयीची आहे. एमआरआयसाठी लहान मुलाला निश्चल ठेवावे लागते, कधी गुंगीचे औषध द्यावे लागते. इथे ते आईच्या मांडीवर बसूनही तपासून घेते. मात्र वाढत्या वयात हाडांची टोके अजून कूर्चेची असतात आणि ती पडद्यावर काळपट दिसतात. वाढणाऱ्या कूर्चेत रक्तवाहिन्याही असतात. अनुभव नसलेल्याला ती सूज वाटू शकते. म्हणून मुलांचे सांधे पाहण्याचा सराव असलेल्या डॉक्टरांकडेच ही तपासणी करावी.

आणखी एक गोष्ट पालकांनी विसरू नये. या आजारात काही मुलांच्या डोळ्यांच्या आत सूज येते, आणि डोळा लाल न होता, न दुखता ती दृष्टीला अपाय करते. म्हणून निदान झालेल्या मुलाचे डोळे नेत्रतज्ज्ञांकडून स्लिट लॅम्पवर ठरावीक अंतराने तपासून घ्यावेच लागतात.

आमची विनंती

सांध्याची सूज किंवा सकाळचे आखडणे काही आठवडे टिकले तर मूल असो, आई असो की आजी, त्यांना संधिवाततज्ज्ञांना दाखवावे. ते जवळपास नसतील तर मुलांसाठी बालरोगतज्ज्ञ आणि मोठ्यांसाठी फिजिशियन यांच्याकडे जावे. एक्स-रे चांगला आला म्हणून थांबू नये. 'आत सूज आहे का, ती पाहण्यासाठी सोनोग्राफीचा उपयोग होईल का?' एवढा प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारावा. एकच सांधा अचानक लाल, गरम झाला आणि ताप आला तर मात्र वाट पाहू नये. सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो, त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

नावगाव नसलेल्या 'वाताच्या पुड्या' घेऊ नयेत. त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते, त्याने दुखणे दबते आणि निदान लांबते. आमवातावर मेथोट्रेक्सेट हे औषध फार वापरले जाते. ते या आजारात आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतल्यास जीवावर बेतू शकते, म्हणून घरात गोळ्या देणाऱ्याने चिठ्ठी दोनदा वाचावी.

आपल्या पाल्याला असा त्रास असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी वर्गशिक्षकांकडे द्यावी. त्याला पी.टी.मध्ये झेपेल तेवढेच करू द्यावे आणि लिहिताना हात थांबविण्याची मोकळीक द्यावी, असे आम्ही शिक्षकांना सांगितले आहे. अशा मुलांचा वर्ग तळमजल्यावर ठेवण्याचा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवीत आहोत, त्याचा मंडळाने सहानुभूतीने विचार करावा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या बाकावरचा कुणी सकाळी लंगडत आला तर त्याला चिडवू नका. त्याचे दप्तर उचला आणि बाईंना सांगा. तुमच्या सांगण्याने त्याची तपासणी वेळेवर होऊ शकेल.